वास ठेवा, कागद द्या

कुठलीही शिशी नाकाशी नेण्याआधी मावशी आपला डावा हात कोपरात दुमडायच्या, त्या दुमडीत नाक खुपसून एक लांब श्वास घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "हं, आन आता."

हे त्या कुठंही करत. भाजीबाजारात सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या हुंगताना, किराणा दुकानात हिंगाची डबी उघडताना, एस.टी.तसुद्धा. एकदा अकोल्याच्या गाडीत खिडकीशी बसलेल्या बाईनं त्यांना तीनदा कोपर हुंगताना पाहिलं आणि आपला पदर सावरून ती जरा सरकून बसली. मावशींच्या ते लक्षात आलं. म्हणाल्या, "भेऊ नको माय. नाक थकते ना, त्याले घरी नेऊन आनतो मी." त्या बाईला काय कळलं कुणास ठाऊक. मूर्तिजापूरला जागा रिकामी होताच ती उठून पुढं गेली.

तुम्ही कधी करून पाहा. चार-पाच वास एकामागून एक घेतले की नाक बधिर होतं. अशा वेळी आपल्याच कातडीचा वास घ्यायचा. तो नाकाच्या इतका सवयीचा असतो की त्याला तिथं विसावा मिळतो. हे मला पुस्तकात नंतर सापडलं. मावशींना ते कुणीच सांगितलेलं नव्हतं.

अमरावतीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. कॉलनीत लहानथोर सगळे त्यांना तोंडावर 'मावशी' आणि पाठीमागं 'हुंगणाऱ्या मावशी' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं. "खरंच तं हाय," म्हणायच्या.

मूळच्या त्या अकोल्याकडच्या एका खेड्यातल्या. ऐन तरुणपणी सुगंधी गवतांच्या एका सरकारी प्रक्षेत्रावर रोजंदारीनं निंदायला जायच्या. एके दिवशी तिथं बाहेरून रोशाच्या तेलाचं पिंप आलं. रोशा म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या माळांवर पूर्वी आपोआप उगवणारं गवत. त्याचं पातं चुरडलं की गुलाबासारखा वास येतो. पिंपाभोवती साहेब लोक उभे होते, आणि हातात विळा घेऊन बाजूनं जाणारी ही पोरगी थबकून म्हणाली, "साहेब, याच्यात घासलेट हाय." सगळे हसले. एका साहेबानं मात्र तपासून पाहिलं. घासलेट निघालं. दुसऱ्या दिवसापासून मावशींचं निंदण सुटलं आणि त्या आत, तेल काढायच्या भट्टीवर गेल्या. पुढं कायम झाल्या. साहेब बदलत गेले, मावशी आणि भट्टी जागच्या जागी राहिल्या. मोठ्या हंड्यात गवत दाबायचं, खालून वाफ सोडायची, ती वाफ गार नळीतून नेऊन तिचं पाणी करायचं आणि त्या पाण्यावर तरंगणारं तेल हलक्या हातानं वेगळं करायचं. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हेच केलं. मग अमरावतीला नोकरी करणाऱ्या मुलाकडं राहायला आल्या.

मी त्या वेळी घरीच होते. ज्या कोचिंग क्लासच्या ऑफिसात बसायचे तो बंद पडला होता. मोबाईलवर जाहिरात पाहिली आणि नैसर्गिक सुगंधी द्रव्यं बनवायचा दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केला. प्रमाणपत्र आलं, पाठोपाठ कुरिअरनं बारा बाटल्यांची पेटी आली. त्याच दुपारी मी अंगणात बसून सात-आठ तेलं एकत्र ओतली. भिंतीपलीकडून आवाज आला.

"काय सांडलं वं?"

"सांडलं नाही मावशी, परफ्यूम करून राहिली. कोर्स केला मी. ऑनलाइन."

मावशींनी भिंतीवरून डोकं वर काढलं. "ऑनलाइन? मंग वास कसा दाखवला?"

मी मोबाईलवरचं प्रमाणपत्र त्यांच्यापुढं धरलं.

त्या आत आल्या, पाटावर बसल्या आणि माझ्या बाराही बाटल्या त्यांनी एकेक करून हुंगल्या. दर बाटलीमागं एकदा कोपर. मग बाटल्यांच्या दोन रांगा लावल्या. आठ इकडं, चार तिकडं. "ह्या आठ कारखान्यातल्या हायेत. ह्या चार झाडाच्या. चारातली एक मेली."

"तेल मरते?"

"मरते ना. लिंबू, संत्र लवकर मरते. खस मरत नाई, जुनी झाली का चढत जाते."

खस म्हणजे वाळा, हे वऱ्हाडात उन्हाळा काढलेल्या कुणालाही सांगायला नको. मी जरा हिरमुसून विचारलं, "कारखान्यातलं वाईट असते का मावशी?"

"वाईट कावून असन? कारखान्यातलं म्हनून इका ना. झाडाचं म्हनून नका इकू. अन् झाडाचं म्हनजे गुनाचंच असंबी नाई. धोतरा काय कारखान्यात होते?"

अशी माझी शिकवणी सुरू झाली. पहिले दोन महिने त्यांनी मला दोन तेलं एकत्र करू दिली नाहीत. रोज सकाळी कागदाच्या पट्टीवर एका तेलाचा एक थेंब. तो तेव्हा, दुपारी, संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी हुंगायचा आणि काय वाटलं ते वहीत लिहायचं. पेन्सिलीनं. शाईला वास असतो म्हणून पेन बंद.

मी लिहायचे, 'मोहक', 'ताजातवाना', 'मन प्रसन्न करणारा'. मावशी चष्मा लावून वाचायच्या. "हे काय हाय? लग्नाची पत्रिका हाय का? कशासारखा येते थे सांग."

नागरमोथ्याचं तेल होतं. मी पट्टी हुंगून म्हटलं, "बंद खोलीसारखा."

"खोलीत काय हाय?"

मी पुन्हा हुंगलं. "कापसाची गंजी. अन् ओल आली आहे खोलीत."

"हां. आता लिही."

मिश्रणाचा त्यांचा हिशोब साधा होता. संत्र म्हणजे पाव्हणा. आला, चहा पेला, गेला. रोशा म्हणजे घरची बाई, दिवसभर घरात तिचाच वावर. खस म्हणजे बाजेवरचं म्हातारं, सगळे निजले तरी ते जागंच. "तिघं बी पायजेत. नुसत्या पाव्हण्यावर घर चालत नाई, अन् नुसत्या म्हाताऱ्यानं जीव घाबरते."

माझं पहिलं मिश्रण हुंगून त्या म्हणाल्या, "भांडून रायले." दुसरं, "अजून बी भांडून रायले, पन हळू." असं बरंच चाललं. एकदा मी संत्र्याच्या सालीचं तेल, रोशा, थोडी खस आणि नागरमोथ्याचा एकच थेंब असं केलं. मावशींनी ते मनगटावर लावलं, घरी गेल्या, स्वयंपाक केला, धुणं वाळत घातलं. दिवेलागणीला भिंतीपलीकडून ओरडल्या, "अजून हाय वं!"

त्या तीन शब्दांनी मला जो आनंद झाला तो कोर्सच्या प्रमाणपत्रानं झाला नव्हता.

हळूहळू कॉलनीतल्या बायका माझ्याकडून लहान शिश्या नेऊ लागल्या. आणि मग मागच्या गल्लीतल्या एका सरांनी मुलीच्या लग्नात बायकांना भेट द्यायला साठ शिश्या सांगितल्या. मी लगेच हो म्हटलं.

त्या वर्षी रोशाच्या कापणीच्या तोंडावर पाऊस लागून बसला. आम्ही दोघी अकोल्यापलीकडं मावशींच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या भट्टीवर गेलो, तर तो कपाळाला हात लावून बसलेला. भिजल्या गवताला तेल उतरत नव्हतं. त्यानं मावशींच्या शब्दाखातर होतं ते दिलं. परत येताना मावशी म्हणाल्या, "अडतीस होतीन. सरले सांगून दे."

"मावशी, मी साठ सांगितल्या त्यांना."

"मंग आता अडतीस सांग."

त्यानंतर आठवडाभर त्या गावी गेल्या, आणि मी सरांना काहीच सांगितलं नाही. बाजारातल्या एका दुकानातून गुलाबाच्या वासाचं बनावट तेल आणलं. मला ठाऊक होतं ते कसलं आहे. उरलेल्या बावीस शिश्यांत रोशाच्या जागी ते घातलं. साठही शिश्यांवर मी माझ्या वळणदार अक्षरात कागद चिकटवले होते: 'फक्त झाडांच्या तेलापासून'. बावीस कागद चिकटवताना हात थरथरला असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मी गाणं गुणगुणत होते.

लग्नाच्या सकाळी मावशी गावाहून परतल्या आणि तशाच मंगल कार्यालयात आल्या. माझ्या शेजारी बसल्या. शिश्या वाटून झाल्या होत्या, बायका मनगटं हुंगत होत्या, माझं कौतुक चाललं होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मान वळवली आणि मावशींच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी त्या बाईची शिशी मागून घेतली. कोपर हुंगलं, शिशी हुंगली. मग मागच्या बाईची घेतली. मग माझ्याकडं एकदाच पाहिलं.

पंगतीत त्या माझ्या बाजूलाच जेवल्या. "वरन चांगलं झालं," एवढंच बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

"कितीत घातलं?"

"बावीस."

"कोनत्या बावीस?"

मला सांगता येईना. सगळ्या शिश्या सारख्या, सगळे कागद सारखे, आणि मी त्या एकाच टोपल्यात टाकल्या होत्या.

"मंग साठ हुंगा लागतीन," मावशी म्हणाल्या. "चाल. यादी घे."

मला वाटलं, त्या रागावतील, बोलतील आणि विषय संपेल. पण त्यांच्या पिशवीत लहान लहान रिकाम्या शिश्या होत्या आणि फडक्यात गुंडाळलेली त्यांची खस होती. भट्टीवरच्या शेवटच्या वर्षी त्यांनी स्वतः उतरवलेली, दहा वर्षं मुरलेली. ती खस त्या मला कधी नुसती हुंगायलाही देत नसत. तिच्यात संत्र आणि नागरमोथा घालून आम्ही निघण्याआधी माझ्या घरीच बावीस नव्या शिश्या भरल्या. खसेची शिशी तळाला गेली. मी त्यांच्याकडं पाहू शकले नाही.

आधी सरांकडं गेलो. सर म्हणाले, "जाऊ द्या हो मावशी. कोणाले समजते?"

"मले समजलं ना," मावशी म्हणाल्या. सरांच्या बायकोनं मुकाट्यानं पाहुण्यांची नावं लिहून दिली.

पहिला दिवस अमरावतीतच गेला. दार वाजवायचं, शिशी मागायची, हुंगायची. चांगली निघाली तर परत द्यायची, नाहीतर बदलून द्यायची. लोकांना काही उमजत नव्हतं. एका घरी तर आम्हाला कंपनीच्या बायका समजून एकीवर एक फुकट आहे का विचारलं. मावशी आधी माझ्या हातात शिशी द्यायच्या. "सांग." मी चाचरत म्हणायचे, "चांगली." मग त्या हुंगायच्या. "परत हुंग. शेवटी काय येते? पुस्तकाच्या नव्या कव्हरासारखं येते का नाई?" आणि खरंच, गुलाबाच्या मागं, अगदी शेवटी, प्लॅस्टिकचा एक पातळ वास होता. एकदा तो सापडल्यावर मग सापडतच गेला.

दुसऱ्या दिवशी काळीपिवळी जीपनं दर्यापूर. तिथं नवरीच्या आतेबहिणीच्या गळ्यावर लाल चट्टे उठले होते. कॉलेजात जाणारी पोरगी, ओढणी गुंडाळून बसली होती. तिची आई अंगणातच आमच्यावर तुटून पडली. मी तोंड उघडायच्या आत मावशी हात जोडून पुढं झाल्या.

"माही चूक हाय बाई. शिकवनारी मी हावो."

"या वयात असे धंदे करता? शरम नाई वाटत?"

"वाटून रायली ना," मावशी म्हणाल्या.

मी त्यांच्या मागं उभी होते. बोलायला हवं होतं. 'त्यांना काही माहीत नव्हतं, हे मी केलं,' एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडून निघालं नाही. आई बोलत राहिली, मावशी ऐकत राहिल्या. मी तुळशीकट्ट्यावरच्या पणतीकडं पाहत राहिले.

परतीच्या जीपमध्ये मला रडू फुटलं. मावशींनी पदराचं टोक माझ्या हातात दिलं. "रडू नको. नाक बंद झालं तं उद्या कोन हुंगन?"

त्या संध्याकाळी मी सरांकडून नंबर घेऊन दर्यापूरला फोन केला आणि त्या आईला खरं काय ते सांगितलं. तिनं मला पुन्हा तेवढंच झापलं. मी फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकलं. चार दिवसांत पोरीचे चट्टे गेले, हे तिनंच नंतर फोन करून कळवलं.

तिसऱ्या दिवशी रेल्वेनं धामणगाव. शेवटच्या घरी एक म्हाताऱ्या आजी ओट्यावर गहू निवडत होत्या. या वेळी मी मावशींच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"आजी, चूक माझी आहे. शिशीवर मी खोटं लिहिलं."

"काय?" आजींनी कानाला हात लावला. "जोरानं बोल. मले आयकू येत नाई."

"खोटं लिहिलं मी!"

"काय लिवलं?"

"खोटं! खोटं लिहिलं, आजी!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. दोन सायकली थांबल्या. शेजारची बाई पोळी लाटायचं सोडून लाटण्यासकट दारात आली. मी भर गल्लीत ओरडून सगळं सांगितलं: तेल कमी पडलं, मी बनावट घातलं, वर झाडाचं म्हणून लिहिलं. ऐकून घेऊन आजींनी कमरेची शिशी काढली आणि मुठीत घट्ट धरली.

"मंग? वास तं चांगला हाय. मी नाई देत."

मावशी ओट्यावर बसल्या. आजींचं मनगट हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं. "खाज येते?"

"नाई."

"जळजळ?"

"काईच नाई. माह्या नातीले बी आवडला."

मावशी हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदा. "बरं मंग. वास ठेवा. कागद मले द्या."

आणि त्यांनी नखानं खरवडून शिशीवरचा माझा वळणदार कागद काढून घेतला.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. हुंगायची अजून एक शिशी राहिली होती. आजींसोबत लग्नाला गेलेल्या त्या शेजारच्या बाईनं आम्ही निघताना हातात दिलेली. मी हुंगली. कोपर हुंगलं, पुन्हा शिशी. "चांगली आहे," मी म्हटलं आणि ती मावशींपुढं धरली. त्यांनी हात पुढं केला नाही. "तू म्हनलं ना? मंग झालं. देऊन ये तिले." मी धावत त्या गल्लीत जाऊन ती शिशी देऊन आले.

त्यानंतर मी आजतागायत या कामात आहे. तेल असेल तेवढ्याच शिश्या करते. लोक नाराज होतात, पुढच्या वर्षी पुन्हा येतात.

दोन वर्षांपूर्वी मावशींच्या मुलाची बदली पुण्याला झाली. तिथून त्यांचा फोन यायचा. "सातव्या मजल्यावर हावो. इथं कोनाच्या घरात काय शिजते थे समजतच नाई वं. दारं लावून शिजवतात." मी त्यांना नव्या मिश्रणाबद्दल सांगायचे, त्या फोनवरून विचारायच्या, "शेवटी काय येते?" यंदाच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेल्या. मी पुण्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बुद्धवंदनेला बसले, आणि परत आले.

त्यांची शेवटची भेट म्हणायची तर ती त्या अमरावतीहून निघाल्या तेव्हाची. सामानाचा ट्रक आदल्या दिवशीच गेला होता. मुलानं गाडी काढली, कॉलनीतल्या बायका जमल्या, कुणी नारळ दिला, कुणी डबा. मावशी पुढच्या सीटवर बसल्या, गाडी निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि एकदम थांबली. दार उघडून मावशी खाली उतरल्या आणि माझ्याकडं हात करून काहीतरी ओरडल्या. मला वाटलं काही विसरलं, किंवा आता त्या मला काहीतरी सांगणार. मी चपला न घालता धावले.

"काय झालं मावशी?"

"बह्याड पोट्टी! दूध लागलं तुहं! जाय घरी!"

मी गॅसवर दूध ठेवून बाहेर आले होते. मागं फिरून पळत घरात गेले. दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं, उरलेलं तळाला करपलं होतं. गॅस बंद केला, पातेलं खाली ठेवलं आणि पुन्हा कोपऱ्यापर्यंत धावले. गाडी निघून गेली होती.

ते पातेलं मी दोन दिवस घासलं नाही.